फोटो आणि व्हिडिओ दोन्हींसाठी डीएसएलआर: बॉडी कशी निवडायची आणि पैसे कुठे घालायचे

डीएसएलआर व्हिडिओवर टाका आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. काळोख दिसेल. आतला आरसा वर गेलेला असतो, सेन्सर उघडा पडलेला असतो आणि जे काही दिसायचं ते मागच्या स्क्रीनवर दिसतं. फोटो काढताना आरशाखालचा जो फोकस सेन्सर पापणी लवायच्या आत फोकस पकडतो, त्याच्यापर्यंत आता उजेडच पोचत नाही. थोडक्यात, ज्या दोन गोष्टींसाठी आपण डीएसएलआरचं कौतुक करतो, त्या दोन्ही व्हिडिओत बंद असतात.

एवढं लक्षात आलं की निवडीचा अर्धा गोंधळ संपतो. गेल्या दहा वर्षांतली कुठलीही डीएसएलआर फोटो चांगलेच काढते. बॉडी-बॉडीतला (म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यांतला) खरा फरक उघडा पडतो तो व्हिडिओत. म्हणून दोन्ही कामांसाठी एकच कॅमेरा हवा असेल, तर परीक्षा व्हिडिओची घ्यायची.

मला हे पेणमध्ये कळलं. तिथे मित्राचा गणपतीचा कारखाना आहे. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या: गिऱ्हाइकांना पाठवायला मूर्तींचे स्वच्छ फोटो, आणि आखणीचा व्हिडिओ. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. बारीक कुंचल्याने, श्वास रोखून, एका दमात करायचं काम. मी गेलो तेव्हा बाहेर आषाढाचा पाऊस, आत ट्यूबलाइट, रंग वाळवायला लावलेले पंखे आणि कोपऱ्यात रेडिओ. माझ्या बॉडीची स्क्रीन मागे पक्की बसवलेली होती आणि तिला माइकची जागाच नव्हती. फोटो उत्तम आले. व्हिडिओत मात्र वरपासून खालपर्यंत सरकणारे काळपट पट्टे, पंख्याची घरघर, आणि ऐन बुबुळ रेखताना मागेपुढे डोलणारा फोकस. कारागिराने त्या दिवशीची आखणी केली ती केली, ती पुन्हा होणार नव्हती. पुढचं सगळं त्या दिवसानंतर शिकलेलं आहे.

बॉडी: चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे आरसा वर आणि चित्र मागच्या स्क्रीनवर असताना, फोकस कसा चालतो? २००८ साली निकॉन डी९० ही व्हिडिओ घेणारी पहिली डीएसएलआर आली, तिचा व्हिडिओ ७२०पी होता. त्याच वर्षी कॅनन ५डी मार्क २ने १०८०पी दिला. पण फोकस हाताने फिरवायचा किंवा कॅमेऱ्याने चाचपडत शोधायचा, असाच मामला होता. तो बदलला २०१३ साली कॅनन ७०डीमध्ये. त्यातल्या ड्युअल पिक्सेल रचनेत सेन्सरवरचे पिक्सेलच फोकस मोजतात, त्यामुळे आरसा वर असला तरी फोकस न डोलता सरकतो. ८०डी (२०१६), २००डी (२०१७), ६डी मार्क २ (२०१७) आणि ९०डी (२०१९) यांच्यात तीच रचना आहे. निकॉनच्या डी५६०० आणि डी७५०० फोटोला फार गोड कॅमेरे आहेत, पण व्हिडिओत त्यांचा फोकस चाचपडतो. निकॉनमध्ये सेन्सरवरच फोकस मोजणारी डीएसएलआर हवी असेल तर ती डी७८० (२०२०), आणि ती महाग आहे.

दुसरा प्रश्न: माइकचं ३.५ मिमीचं भोक आहे का? कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० या दोन्ही खूप खपलेल्या बॉडीत ते नाही. नुसते फोटो काढायचे असतील तर जरूर घ्या. डी३५००ची बॅटरी तर कंपनीच्या मोजमापाप्रमाणे १५५० फोटो चालते. व्हिडिओसाठी मात्र या दोन्ही यादीतून बाद करा. हेडफोनचं भोक असेल तर आवाज तिथल्या तिथे तपासता येतो. ते ८०डी, ९०डी, डी७५०० आणि डी७५०मध्ये आहे, ७०डी आणि २००डीमध्ये नाही.

तिसरा: स्क्रीन उघडून फिरते का? व्हिडिओत व्ह्यूफाइंडर मेलेला असतो, त्यामुळे स्क्रीन हाच तुमचा डोळा. जमिनीवर बसून काम करणाऱ्या कारागिराला त्याच्या उंचीवरून टिपायचं तर पक्क्या स्क्रीनसाठी पालथं झोपावं लागतं.

चौथा, आणि लोक सगळ्यात जास्त फसतात तो: फोरके. खोक्यावर फोरके लिहिलेलं असलं म्हणून खूश होऊ नका. २००डी मार्क २ (२०१९) फोरके देते, पण त्यात ड्युअल पिक्सेल फोकस बंद होतो आणि चित्रही कडेने कापलं जातं. डी७५०० फोरकेमध्ये आणखी दीडपट कापते, म्हणजे छोट्या खोलीत वाइड काही मिळतच नाही. ९०डीत पूर्ण रुंदीचं फोरके आहे. फोन किंवा यूट्यूबवर बघायच्या कामाला चांगल्या उजेडातला, नीट फोकस झालेला १०८०पी पुरतो. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये जेमतेम २० लाख पिक्सेल असतात, तेव्हा २४ मेगापिक्सेल की ३२ हा वाद व्हिडिओपुरता सोडून द्या. फोटोतही २४ मेगापिक्सेलची ६००० गुणिले ४०००ची फाइल ३०० डीपीआयला २० इंच रुंद छापता येते.

माझा कौल विचाराल तर वापरलेली ८०डी. एवढं बजेट नसेल तर वापरलेली २००डी. ती बॅटरी-कार्डासकट ४५३ ग्रॅमची आहे, दिवसभर हातात धरता येते. लग्नाचे फोटो हेच मुख्य काम आणि व्हिडिओ अधूनमधून असेल तर डी७५०. तिचा फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा) सेन्सर कमी उजेडात जे रंग देतो त्यासाठी व्हिडिओतला हाताचा फोकस मी आनंदाने सोसेन.

नवी डीएसएलआर घ्यावी का? कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८पासून आपला जोर मिररलेसवर, म्हणजे आरसाच नसलेल्या कॅमेऱ्यांवर टाकला आहे. त्यामुळेच चांगल्या स्थितीतल्या डीएसएलआर आज वापरलेल्या बाजारात सुखाने मिळतात. उद्या मिररलेसकडे गेलात तरी कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडाप्टरवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही एफटीझेड अ‍ॅडाप्टरवर चालतात. म्हणून लेन्सवर घातलेला पैसा बुडत नाही.

वापरलेली बॉडी तपासताना

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जा नाहीतर तुमच्या गावच्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून घ्या, तपासायला अर्धा तास मागून घ्या. "दादा, जरा निवांत बघतो" म्हटल्यावर जो तोंड वाकडं करतो, त्याच्याकडून घेऊच नका.

स्वतःचं कार्ड आणि भरलेली बॅटरी घेऊन जा. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि तो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. धूळ साफ होते, पण तिचा खर्च किमतीतून वजा करून मागा. मग लेन्सला झाकण लावून आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १६००वर काही सेकंदांचं एक्सपोजर द्या. लाल, निळे, पांढरे टिंब एकाच जागी पुन्हा पुन्हा दिसले तर ते पिक्सेल खराब आहेत.

शटर, म्हणजे सेन्सरसमोर उघडझाप करणारा पडदा, किती चालला ते विचारा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीतच लिहिलेला असतो. कॅननमध्ये बहुतेक वेळा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी७५०० आणि डी७५०चा शटर दीड लाखांसाठी, तर ८०डीचा एक लाखासाठी तपासलेला आहे. हा आकडा म्हणजे मरणाची तारीख नव्हे, पण नव्वद हजारांवरची ८०डी आणि वीस हजारांवरची ८०डी यांची किंमत सारखी असू शकत नाही.

यानंतर जे कुणी करत नाही ते करा: सलग दहा मिनिटं व्हिडिओ घ्या. माइक लावा, त्याचा जॅक हळूच हलवा, आवाजात खरखर येते का ऐका. स्क्रीन उघडून सगळ्या दिशांना फिरवा. तिची पट्टी सैल झाली असेल तर एका ठरावीक कोनात चित्र लुकलुकतं. निकॉनच्या स्वस्त बॉडीत लाइव्ह व्ह्यू चालू असताना अ‍ॅपर्चर खरोखर बदलतं का, तेही तिथेच बघा.

आणि लेन्स. झाकणं काढा, अ‍ॅपर्चर उघडं ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. काचेच्या आत कडेपासून मधे सरकणारे, कोळ्याच्या जाळ्याच्या बारीक धाग्यासारखे फाटे दिसले, तर तो फंगस. कोकणात आणि मुंबईत हा हमखास भेटतो. मालक म्हणेल, "फोटोत काही दिसत नाही." आज दिसत नसेलही. पण ती लेन्स तुमच्या बॅगेत इतर लेन्सच्या शेजारी बसणार आहे. घेऊ नका.

पैशांची वाटणी

शंभर रुपये असतील तर चाळीसच्या वर बॉडीला देऊ नका. पंचवीस लेन्सला, पंधरा आवाजाला, दहा ट्रायपॉडला, उरलेले कार्ड, बॅटरी आणि फिल्टरला. बहुतेक जण ऐंशी बॉडीला घालतात आणि माइक "पुढच्या महिन्यात" घेतात. मीही तेच केलं होतं.

लेन्स: दोन पुरतात

पहिली, बॉडीबरोबर येणारी झूम. ८०डीबरोबर २०१६ साली आलेली १८-१३५ यूएसएम सगळ्यात सोयीची, कारण तिची मोटर शांत आहे आणि फोकस सलग सरकतो. १८-५५ एसटीएमही चालते. नावात एसटीएम किंवा यूएसएम आहे का ते बघा. जुन्या, साध्या मोटरच्या लेन्स फोकस करताना घुर्र करतात आणि ते सगळं आवाजात येतं.

दुसरी, ५० मिमी एफ/१.८. कॅननची एसटीएम (२०१५) फक्त १६० ग्रॅमची आहे. कॅननच्या छोट्या सेन्सरवर ती ८० मिमीसारखी दिसते, निकॉनवर ७५ मिमीसारखी. चेहऱ्याला छान, अरुंद खोलीला अवघड. निकॉनवाल्यांनी इथे जपावं: डी३५००, डी५६०० या बॉडीत फोकसची मोटर नाही. ५० मिमी एफ/१.८डी स्वस्त मिळते म्हणून घेतली तर ऑटोफोकस चालणारच नाही. १.८जी घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते.

पेणला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ही ५० मिमी लावली होती. ती ३५ सेंमीपर्यंत जवळ जाते, तिथे चौकटीत साधारण साडेदहा सेंमी रुंदीचा भाग मावतो. दोन फुटी मूर्तीचे दोन्ही डोळे आणि कुंचल्याचं टोक. एफ/१.८वर त्या अंतरावर फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम दोन-तीन मिमी. कुंचला पापणीवर टेकला की बुबुळ धूसर. एफ/५.६ केलं तेव्हा ती जाडी साधारण तिप्पट झाली आणि डोळा आणि कुंचला दोन्ही एकत्र स्वच्छ दिसले. पार्श्वभूमी धूसर करायच्या नादात लोक अ‍ॅपर्चर सताड उघडतात. इतक्या जवळून एफ/५.६लाही मागची भिंत धूसरच असते. फोकस मी हातानेच लावला: लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून बुबुळावर लावायचा, मग ऑटोफोकस बंद. कारागीर हलतो, मूर्ती हलत नाही.

आवाज

बॉडीवरचा माइक लेन्सची मोटर, तुमची बोटं आणि पंखा टिपतो. दोन पर्याय आहेत. माणूस बोलत बोलत काम करत असेल तर कॉलर माइक. बोया बीवाय-एम१ हा आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा. त्याची वायर ६ मीटर लांब असते. त्यावरचा स्विच "कॅमेरा"कडे करायला विसरू नका, आणि एलआर४४ सेल जवळ एक जादा ठेवा, कारण स्विच चालू राहिला की सेल उतरतो. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, साडीच्या पदराला किंवा कडक खादीला घासू देऊ नका. हालचाल, गर्दी, मिरवणूक टिपायची असेल तर बॉडीवर बसणारा छोटा शॉटगन माइक, आणि वाऱ्यासाठी त्यावर केसाळ टोपी.

मेनूत जाऊन आवाजाची पातळी ऑटोवरून मॅन्युअलवर आणा. ऑटोवर बोलणारा थांबला की कॅमेरा आवाज चढवतो आणि पंखा एकदम समोर येऊन बसल्यासारखा वाटतो. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतपत ठेवा. आणि माइक बोलणाऱ्याच्या निम्म्या अंतरावर आणलात तर आवाज ६ डेसिबलने वाढतो. महागड्या माइकपेक्षा हे फार मोलाचं आहे.

मी कारागिराला विनंती केली, "काका, दहा मिनिटं पंखा बंद करू का?" त्यांनी पंखाही बंद केला आणि रेडिओही. मग कुंचला रंगाच्या वाटीच्या कडेवर निथळतानाचा बारीकसा आवाज आला. त्या व्हिडिओतला मला सगळ्यात आवडता भाग तोच.

बॉडीला माइकची जागा नसेल तर कॉलर माइक मोबाइलला जोडा, मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा, दोन्हीकडे रेकॉर्डिंग सुरू करा आणि एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्हीकडची टाळी जुळवायची.

ट्यूबलाइटचे पट्टे आणि शटर

पहिल्या खेपेचे काळपट पट्टे याच्यामुळे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साधी ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० सेकंद ठेवलात तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लहरी मावतात, १/१०० ठेवलात तर एक. १/६०ला अर्धवट लहर मावते आणि पट्टे दिसतात. माझा कॅमेरा एनटीएससीवर (६० हर्ट्झ विजेच्या देशांतल्या व्हिडिओ पद्धतीवर) होता, सेकंदाला ३० फ्रेम आणि शटर १/६०.

तेव्हा कॅननच्या मेनूत व्हिडिओ सिस्टिम पाल (PAL, ५० हर्ट्झवाल्यांची पद्धत) करा, सेकंदाला २५ फ्रेम निवडा, व्हिडिओ मॅन्युअलवर ठेवा आणि शटर १/५०. स्लो मोशनसाठी ५० फ्रेम आणि १/१००. हालचालही डोळ्याला नैसर्गिक दिसते आणि पट्टेही जातात. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे चित्राचे रंग जुळवणं) ऑटोवर सोडू नका, नाहीतर दारातून कुणी पिवळी साडी नेसून गेलं की मूर्तीचा रंग बदलतो. पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. पिक्चर स्टाइल न्यूट्रल, शार्पनेस कमी. निकॉनमध्ये फ्लॅट आहे, पण एडिटिंगमध्ये रंग लावायला वेळ असेल तरच.

शटर १/५०वर बांधला की उन्हात अडचण येते. आयएसओ १००, कडक ऊन, शटर १/५०: एक्सपोजर नीट यायला एफ/२२ लागतं. अंगणात मूर्ती टेम्पोत चढवतानाचं दृश्य एफ/२.८ला घ्यायचं तर सहा स्टॉप उजेड कमी करायला हवा, म्हणजे एनडी६४ फिल्टर, उजेड ६४ पट कमी करणारी काळपट काच. ५० मिमी लेन्सचा फिल्टर ४९ मिमी व्यासाचा, १८-५५ एसटीएमचा ५८चा, १८-१३५चा ६७चा. तिन्हींसाठी वेगळे घेऊ नका. एकच ६७ मिमीचा चांगला एनडी घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा. फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो, पण टोकापर्यंत फिरवलात की वाइड चित्रावर फुलीसारखी काळी सावली येते.

ट्रायपॉड, कार्ड, बॅटरी

फोटोला बॉल हेड चालतं. व्हिडिओत कॅमेरा सावकाश वळवायचा तर फ्लुइड हेडच (सावकाश, सलग वळणारं) हवं. दुकानात कॅमेरा लावून हँडल एका बोटाने ढकला. सुरुवातीला झटका बसत असेल तर ते हेड ठेवून द्या. पाय जड असले तरी चालतील.

कार्डाचं गणित सोपं आहे. ८०डीत २५ फ्रेमचा साधा १०८०पी व्हिडिओ सुमारे ३० मेगाबिटचा, म्हणजे मिनिटाला २२५ एमबी. ६४ जीबी कार्डात साडेचार तास. ९०डीचं फोरके १२० मेगाबिटचं, मिनिटाला ९०० एमबी, त्याच कार्डात सत्तरेक मिनिटं. व्ही३० लिहिलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं, दोन्हींना पुरतं. एका मोठ्या कार्डापेक्षा ६४ची दोन घ्या. या बॉडी एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदच रेकॉर्ड करतात. कीर्तन किंवा भाषण असेल तर अभंग किंवा टाळ्यांच्या वेळी थांबवून पुन्हा सुरू करा.

बॅटऱ्या तीन हव्यात. लाइव्ह व्ह्यूमध्ये सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू असतात, फोटोतला हिशोब इथे लागू होत नाही. ७०डी, ८०डी, ९०डी, ६डी आणि मार्क २पासूनच्या ५डी यांची एलपी-ई६ घराण्याची बॅटरी एकच, ही कॅननची मोठी सोय.

मूर्तींचे फोटो

इथे डीएसएलआर आपल्या घरी असते. खिडकीजवळ मूर्ती, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल, ट्यूबलाइट बंद, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की शाडूचा रंग कुठल्याच सॉफ्टवेअरने सुधारत नाही. झूम ५५ मिमीवर, एफ/८, आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). कॅमेरा मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून घेतला की सोंड मोठी आणि पाय आखूड दिसतात, आणि गिऱ्हाईक मूर्ती बघायला आलं की म्हणतं, फोटोत वेगळी दिसत होती.

पावसाळ्यातून परतल्यावर

बॅग बंद ठेवून झोपू नका. बॉडी, लेन्स बाहेर काढा, कोरड्या सुती कापडाने पुसा, शाडूची धूळ आधी ब्लोअरने उडवा, कारण कापडाने घासलीत तर काचेवर ओरखडे येतात. मग घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि साधा आर्द्रता मापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहायला हवा. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परता, ते पुन्हा कोरडे होतात. ती कढई मात्र स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका, वेगळी ठेवा. त्याच रात्री कार्डं दोन ठिकाणी कॉपी करा, उघडून एक-दोन क्लिप शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यात.